सेकंदाचा हजारावा हिस्सा

किरनापूरची शेवंताबाई बालाघाटला डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून बसली होती. तिच्या चिठ्ठीवर एक्केचाळीस नंबर होता, आजचा शेवटचा. डोळे अधू झाले असले तरी कान शाबूत होते, आणि काउंटरमागं कॉम्प्युटरवर बसणारी संघमित्रा नंबर पुकारायचा प्रोग्राम लिहिणाऱ्या धम्मपालला झापत होती.

"नंबर पुकाराचं तयार फंक्शन काहून काढलं तू?"

"हळू चालते ना ते. दर नावामागं आणखी एक फंक्शन बोलावते. मी हातानं नावाच्या यादीवर फिरणारा लूप लिहिला. एकेक नाव घेते अन् सरळ पुढं जाते."

"अन् टाइम किती वाचला?"

"सेकंदाचा हजारावा हिस्सा."

"एवढ्या टाइमाचं तू करशीन काय?"

"मजाक नको करू. तीन बार नापून पाह्यलं मी."

"दाखव बरं. अरे, हा तं शेवटच्या नावाच्या आधीच थांबते."

"मंग?"

"मंग शेवटच्या पेशंटले पुकारतच नाही ना तो."

"ते जाऊ दे. तेज पळते का नाही ते सांग."

"पळीनच. एक माणूस कमी पाहाचा हाय त्याले."

"आज तं सब निपटले. चाळीस झाले अन् डॉक्टरसाहेब गोंदियाले गेले भी."

शेवंताबाई उठली. चिठ्ठी तिनं काउंटरवर धम्मपालच्या पुढ्यात ठेवली.

"बाबू, तो वाचलेला टाइम मले देऊन टाक. मले किरनापूरची बस पकडाची हाय."