भाजणीचा कोपरा

ताई, आधीच माफी मागतो. माझ्यासारख्याचं तुम्ही काय लिहून घेणार, मला खरंच कळत नाही. वाचनालयात मी रोज त्याच बाकावर बसतो म्हणून तुम्ही विचारलंत, बोल म्हणालात, पण मी आयुष्यात काही केलेलं नाही हो, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही एकतिसाव्या वर्षी. आणि जे एक केलं ते सांगण्यासारखं नाही. तरी सांगतो. कुठे जास्त बोललो तर खोडून टाका.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे. वडील कापड गिरणीत होते, मी दुसरीत असताना ती बंद पडली, मग ते घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत खोली घेऊन आले आणि पुढे वॉचमनकीच करत राहिले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी बघितलेलं नाही. मी बारावी झालो त्याच वर्षी वडील गेले आणि मी मामाच्या पिठाच्या चक्कीवर उभा राहिलो, तो अजून तिथेच उभा आहे. लांबट गाळा आहे आमचा, पुढे दोन चक्क्या, एक गव्हाची, एक तांदूळ-ज्वारीची, आणि मागे कोपऱ्यात शेगडी, मोठी लोखंडी कढई, आणि तिथे सरूमावशी भाजणी भाजायची.

सरूमावशी म्हणजे सख्खी नव्हे, आईच्या माहेरच्या वाडीतली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, इथे एका खोलीत एकटीच राहायची. अकरा वर्षं ती त्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. प्रत्येक धान्य वेगळं भाजायची, तांदूळ वेगळे, चणाडाळ वेगळी, उडीद, ज्वारी, शेवटी धणे, आणि काय सांगू तुम्हाला, पुढे दोन चक्क्या घरघरत असताना तिला मागे तांदळाचा आवाज बदललेला कळायचा. मी म्हणायचो, मावशी, तुला ऐकू कसं येतं? ती म्हणायची, तुका मामाची हाक ऐकाक येता तसा. आणि मामाची हाक तर मला कधीच ऐकू यायची नाही, त्यावर ती हसायची.

मला कॉलेजात तिनंच घातलं. खोटं नाही सांगत. रोज एकच, झिला, चक्कीर जन्म काढतलंस काय? मी म्हणायचो, मावशी, या वयात कोण घेणार मला, आणि सकाळी सातला लेक्चर, तेव्हाच तर दळणाची गर्दी. तर म्हणाली, सकाळचा दळाण मी घेतंय, तू जा. आणि खरंच, दीड वर्ष ती सात ते साडेदहा तराजूपाशी उभी राहिली, डबे घेतले, ओळीनं लावले, चक्क्यांवर मामा असायचा, मग मी आलो की ती मागे जाऊन आपली शेगडी पेटवायची. त्या साडेतीन तासांचे ती काही घेत नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या कागदात ते नव्हतं.

तर कागद. आम्हाला मॅनेजमेंट अकाउंटिंग म्हणून विषय आहे. पुस्तक इंग्रजी, मी शेजारी मराठी शब्द लिहून लिहून वाचतो. पण हा विषय मला आवडला हो. बाकीचे विषय मोठ्या कंपन्यांचे वाटायचे, हा आपला वाटला, एका वस्तूला खरा खर्च किती येतो ते शोधायचं. सरांनी प्रकल्प दिला, एखादा लहान धंदा घ्या आणि प्रत्येक वस्तूचा खर्च दाखवा. वर्गात माझ्या शेजारी प्राची म्हणून मुलगी बसते, एकोणीस वर्षांची, मला काका म्हणते, माझ्या भुवयांवर पीठ दिसलं की हसते. ती म्हणाली, काका, तुमचं काय टेन्शन यार, तुमच्याकडे तर जिवंत धंदा आहे!

मी मनापासून केलं. गाळ्याचं भाडं अठरा हजार. पुस्तकात लिहिलं होतं की भाडं जागेच्या प्रमाणात वाटावं, म्हणून मी टेप घेऊन गाळा मोजला. आणि ताई, टेपचं दुसरं टोक मावशीनंच धरलं होतं. घट्ट धरलंय हां, म्हणत होती, लिव तू बरोबर. तिचा कोपरा तिसरा हिस्सा भरला. म्हणजे भाड्यातले सहा हजार भाजणीच्या नावावर. आणि धान्य, गॅस, मावशीचा पगार सगळं वजा जाता भाजणी महिन्याला सुटायची बेचाळीसशे. मग सहा हजार गेले की काय राहिलं? अठराशेचा तोटा. मी दोनदा तपासलं. तोटाच. मी लाल शाईनं चौकट केली त्याला.

वीसपैकी अठरा मिळाले. सरांनी छान असं लिहिलं. आता तो कागद मी कॉलेजात ठेवला असता तर काही झालं नसतं, पण मी तो मामाला दाखवला. का दाखवला, तर मला मोठं वाटलं. पहिल्यांदा मला मामापेक्षा काहीतरी जास्त कळत होतं. मामा कपाळाला हात लावून म्हणाला, अरे वाट लागली ना, म्हणजे एवढी वर्षं आपण तोट्यात भाजतोय? बंद कर. आणि तूच सांग तिला, तुला आकडे येतात.

मी सांगितलं. दुपारची वेळ होती, ती कढई घासत होती. मी कागदच पुढे धरला, जसं काही तिला वाचता येणार होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मी गेल्यार गाळ्याचा भाडा कमी होतला काय रे?

मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, मावशी, तसं नसतं ते, प्रत्येकानं आपापला वाटा उचलायचा असतो, पुस्तकात आहे.

पुस्तकात आसा तर बरोबर असतला, म्हणाली. कढई पुसून खिळ्याला अडकवली. पदराला हात पुसले. जाताना एवढंच विचारलं, सकाळी तुझ्या जागेर कोण उभा ऱ्हवतला? मी म्हणालो, मामा बघेल काहीतरी.

पुढच्या एक तारखेला गाळेमालकाचा माणूस आला आणि अठरा हजार घेऊन गेला. कोपऱ्यात आम्ही रिकामे डबे रचले. बायका यायच्या, भाजणी विचारायच्या, नाही म्हटलं की नुसतं दळण देऊन जायच्या, नंतर त्यातल्या काही दळणालाही यायच्या बंद झाल्या. महिन्याला हातात कमी उरायला लागलं. मामा म्हणायचा, सिझन नाही. मीही तेच म्हणायचो. माझ्याकडे अठरा मार्कांचा कागद होता ना, मला दुसरं सुचलंच नाही.

मग पुढचं सत्र लागलं. एका सकाळी सरांनी फळ्यावर उदाहरण घातलं, एका कारखान्यात बूट, चपला आणि पट्टे होतात, पट्टे तोट्यात दिसतात, तर पट्टे कोण कोण बंद करील, हात वर करा. सगळ्यात आधी माझा हात वर. सर म्हणाले, बरं, केले बंद. आता जागेचा मालक भाडं कमी करेल का? मागून एक पोरगा ओरडला, सर, आमच्याकडचा मालक तर वाढवेल! सगळा वर्ग हसला. सर सांगत होते की वस्तू बंद केल्यावरही जो खर्च राहणारच, तो तिच्या नावावर टाकून तिला तोट्यातली म्हणू नका, उलट तीच त्या भाड्याला हातभार लावत असते. प्राचीनं विचारलं, काका, हात खाली घ्या ना, बरं वाटत नाही का? माझा हात वरच होता.

बेचाळीसशे, ताई. दर महिन्याला बेचाळीसशे ती त्या भाड्यात घालत होती. आणि हा प्रश्न तिनं मला आधीच विचारला होता, हात ओले असताना, पुस्तकाशिवाय. तो धडा पुस्तकात चाळीस पानं पुढे होता. मी चाळीस पानं थांबलो नाही.

लेक्चरनंतर सरांना गाठलं. म्हटलं, सर, तुम्ही मला अठरा दिले होते. सरांना प्रकल्प आठवला. म्हणाले, तुझी वाटणी बरोबरच होती, मी खर्च दाखवायला सांगितलं होतं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, तू बंद केलंस की काय? मी मान हलवली. त्यांचा राग नाही मला, खरंच नाही.

मामाला नवा हिशेब मांडून दाखवला. तो चिडला, हे आधी का नाही शिकलास? मग म्हणाला, बोलव तिला. पण कुठून बोलवू? मावशीनं खोली सोडली होती, फोन लागत नव्हता, शेजारची म्हणाली गावाला गेली, भावाकडे. मग आई म्हणाली, गणपतीक मी जातंय तेव्हा वाडीत जाऊन इचारतंय.

तोवर मी कोपरा रिकामा केला. डबे बाहेर काढले, जमीन धुतली, कढईला गंज चढला होता तो घासून तेल लावलं. परीक्षेत तोच प्रश्न आला, दहा मार्कांचा. मी पूर्ण लिहिला, एक ओळ चुकली नाही, आणि लिहिताना पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न सोडून द्यावा.

आई गौरी-गणपती करून परत आली. मी पिशव्या घ्यायला रस्त्यावर गेलो होतो. घरी येऊन पाणी प्यायली, पाय पसरून बसली, मग म्हणाली, गावली सरू. बरी आसा. शाळेत पोरांचा जेवाण रांधता. मी विचारलं, आणि निरोप? सांगितलास ना, कोपरा साफ केलाय म्हणून, माझी चूक झाली म्हणून? सांगितलंय, आई म्हणाली, सगळा सांगितलंय. ती हसली. म्हणाली, झिलाक सांग, शीक, मधीच सोडू नको. पण मी येवचंय नाय. हयसर शाळेत मी बसतंय त्या जागेचा भाडा कोण माझ्यार घालीत नाय.