दर्शन खाली बसला तेव्हा

हॅलो?… हो, निशिगंधा बाईच बोलतेय, सहावीची… कोण, अमरीनच्या आई? बोला ना रझियाभाभी!… नाही हो, कसला त्रास… काय? हौसामावशी भेटल्या? काय म्हणाल्या?… अमरीनने दर्शनला ओढला? फरफटत?… अहो, कसली फरफट! दंडाला धरून उठवलं फक्त तिने. आजीच त्या, नातवाला खरचटलं की त्यांना मोडल्यासारखं वाटतं.

नाही, नाही… ऐका ना भाभी… माफी कसली मागताय? उद्या शाळेत पाठवणार नाही? असलं काही करू नका हं! आधी काय झालं ते तरी ऐका… हो, सगळं सांगते.

परवा मी मुलांना सांगितलं होतं, घरातली मोठ्यात मोठी संख्या शोधून आणा. कुणी विजेच्या मीटरचं रीडिंग आणलं, कुणी सिलिंडरवरचा नंबर. आणि तुमची अमरीन… हो, तोच फोटो! तिच्या अब्बांच्या जहाजाचा… विचारून नाही आणला? बरं, त्याबद्दल ओरडा हवं तर. तर जहाजाच्या मागच्या बाजूला रंगवलेला सात आकडी नंबर. नऊ, एक, शून्य, चार, शून्य, पाच, सात… हो, हो, तसं जहाजाचा नंबर कुणी लाखात वाचत नाही, ठाऊक आहे मला. पण सात अंक आयते मिळाले, मी कशाला सोडते!

मग आज पटांगणात फक्कीने सात चौकोन आखले. एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष. एकेका चौकोनात एकेक मूल, छातीवर पुठ्ठ्याचा अंक… नाही, अमरीन नव्हती त्यात. ती आपली कडेला. तुम्हाला माहीत आहे ना, जूनपासून तिचा आवाज मी ऐकला तो फक्त हजेरीला, तोही ओठ हलताना बघून.

तर दशहजारच्या घरात शून्य घेऊन दर्शन. ऊन लागलं त्याला. म्हणतो, "बाई, शून्य म्हणजे काहीच नाय, मग मी उभा कशाला?" आणि गेला की फणसाखाली जाऊन बसला! मी म्हटलं, बसू दे. बाकीच्यांनो, सरका, फट बुजवा… मुद्दामच हो! म्हटलं, बघू कुणाच्या लक्षात येतंय का. लक्षाच्या घरातला एक आला दशहजारात, दशलक्षातला नऊ लक्षात. पोरं वाचायला लागली, "नऊ लाख चौदा हजार सत्तावन्न…"

आणि मागून किंकाळी! मी दचकलेच. "ते माझ्या अब्बांचं जहाज नाय!"… हो, अमरीन! तुमचीच!… देवाशप्पथ. म्हणाली, "एक्याण्णव लाख होते! एवढे कुठे गेले?" आणि पळत जाऊन दर्शनच्या दंडाला धरलं, "ऊठ! तू बसलास तर सगळे खाली घसरतात!" आणला ओढत, उभा केला चौकोनात. मग प्रत्येकाला ढकलून आपापल्या घरात लावलं. स्वतः मोठ्याने वाचलं… एक्याण्णव लाख चार हजार सत्तावन्न.

…भाभी?… हॅलो? ऐकताय ना?… अहो, रडताय काय!… हो, कळतं मला. आठ महिने झाले ना त्यांना जहाजावर जाऊन?… डिसेंबरात येणार? छान की!… नाही हो, दर्शनला काही झालं नाही. डबा खाताना तिच्याच शेजारी बसला होता, सगळ्यांना सांगत होता, मी नसेन तर लाखांचा घोटाळा होतो. हौसामावशींना मी भेटते, तुम्ही काळजी करू नका.

मग पाठवणार ना उद्या?… शाब्बास!… कोण? अमरीनला बोलायचंय? माझ्याशी? द्या, द्या!

हॅलो, अमरीन?… अगो, घसा केवढा बसलाय! मीठ-पाण्याच्या गुळण्या कर… हं? काय चुकलं? फळ्यावर? वर्गात आल्यावर मी ती संख्या लिहिली, त्यात?… स्वल्पविराम? थांब गो, फोटो काढलाय मी फळ्याचा, बघते… नऊशे दहाच्या पुढे स्वल्पविराम… अगो बाय! खरंच की! एक्याण्णवच्या पुढे हवा, मग शून्य चारच्या पुढे. तिथेच का नाही सांगितलंस?… बाईंना कसं सांगायचं म्हणून? अगो, बाई चुकल्या तर बाईंना सांगायचं नाही तर कुणाला?

असं कर, उद्या पहिल्याच तासाला पुढे ये. खडू देते, तूच दुरुस्त कर आणि सगळ्यांना सांग, बाईंचा स्वल्पविराम चुकला… हसतेस काय! मोठ्याने सांगायचं पण. शेवटच्या बाकापर्यंत जायला हवं… जमेल?… कसं सांगशील, म्हण बघू…

आई गं! कान गेला माझा!… हो, हो, पोचलं, थेट भाट्याच्या पुलापर्यंत पोचलं! ठेव आता फोन, ठेव!