रविवारचा फोन

मॅडम : पाच मिनिटंच बोलायचंय, अंबिका. उद्या आपला भावनांचा तास बघायला नांदेडहून पाहुणे येतायत. विचारांचे प्रकार तुझ्यासारखे अख्ख्या नववीत कुणाला सांगता येत नाहीत.

अंबिका : मी न्हाई बोलणार.

मॅडम : आईला जाऊन महिना होत आला, बाळा. कशात तरी मन गुंतव. बरं, आत्ता मनात काय आहे? तासाला करतो तसं, भावनेला नाव दे.

अंबिका : राग.

मॅडम : कुणावर?

अंबिका : तुमच्यावर.

मॅडम : माझ्यावर?

अंबिका : त्या बुधवारी तासाला मी उभी राहिले. म्हटलं, घरी कायतरी झालंय असं वाटायलंय. तुम्ही म्हणालात, हा विचारांचा एक प्रकार, भविष्य सांगणारा विचार. पुरावा काय?

मॅडम : बहुतेक वेळा पुरावा नसतोच गं. मन उगाच घाबरवतं.

अंबिका : होता की. त्याच्या आधल्या रविवारी घरी फोन केला तर आईऐवजी आप्पा बोलले. आई झोपलीय म्हणाले. भरदुपारी. माझा फोन येईस्तोवर जी बाई जेवायची न्हाई, ती झोपंल का?

मॅडम : हे तू बोलली नव्हतीस.

अंबिका : बोलले होते. तुम्ही विचारलं, दुसरी शक्यता काय? मी म्हटलं, दमली असंल. तुम्ही सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मग मधल्या सुट्टीत तुमच्याकडं फोन मागितला. खरं काय ते बघते म्हटलं. तुम्ही म्हणालात, रविवारी.

मॅडम : वसतिगृहातून फोन फक्त रविवारी, हा नियम शाळेचा आहे. मी नाही केला.

अंबिका : हाव, शाळेचाच.

मॅडम : आणि फोन लावला असतास तरी आई वाचली नसती.

अंबिका : वाचली नसती. बोलली असती. लातूरच्या दवाखान्यात शुक्रवारपर्यंत बोलत होती म्हणं. शनिवारी गेली.

मॅडम : तुझे मामा न्यायला आले होते ना?

अंबिका : त्यांनी बी सांगितलं न्हाई. आई आजारी हाय, चल, एवढंच. आमच्यात गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, भजन म्हणतात. मग बसलेलंच पुरतात. मी उदगीरला पोचले तर बाया अंगणातली बेलाची पानं झाडायल्या होत्या. बसवलेली आई बी दिसली न्हाई मला. आन् गाडीत वाटंनं मी काय करत होते माहिताय? दुसऱ्या शक्यता शोधत होते. तुम्ही शिकवल्या तशा.

मॅडम : मी आता काय करू, सांग.

अंबिका : आठवीतली प्रियदर्शनी सकाळपासून रडायलीय. तिचे आजोबा दवाखान्यात हायत.

मॅडम : माहितीय मला. तिला श्वासाचा व्यायाम दिलाय.

अंबिका : फोन द्या तिला.

मॅडम : आज गुरुवार आहे. वॉर्डन मॅडमना कळलं तर...

अंबिका : मग उद्या बोलते मी पाहुण्यांसमोर. आत्ता बोलले तेच.

मॅडम : धमकी देतेस मला?

अंबिका : तुम्हीच द्या की नाव.

मॅडम : ...बोलाव तिला. हा घे माझा फोन. घरचा नंबर कुठं लिहिलाय का तिनं?

अंबिका : पाठ हाय तिला. तुम्ही जरा बाहेर थांबा.