थांब, देवी वळतेय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंदिर समितीचे प्रमुख माननीय चुंगसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या बालवाडीच्या ल्याव बाई, पालकहो, माझ्यासारखे आजी-आजोबा, आणि पुढे सतरंजीवर चुळबुळणाऱ्या बाळांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी यू-शांगची आजी. घरात मला आमा म्हणतात. बाईंच्या तीस वर्षांच्या सेवेविषयी मोठी माणसं बोललीच आहेत. मी फक्त एका कागदाविषयी बोलणार आहे.

यंदा वसंतात बाईंनी घरोघरी एक कागद दिला होता. मूल रोज किती मिनिटं स्क्रीनपुढे असतं ते दोन आठवडे लिहायचं. शेजारी दुसरा रकाना: तेव्हा घरातली माणसं काय करत होती. आता, लिहून ठेवणं म्हणजे माझा हातखंडा. घरात साबणाची वडी किती दिवस पुरली तेही माझ्याकडे लिहिलेलं असतं. पण या कागदाची मला धास्ती होती. माझा मुलगा मिंग-जे आणि सूनबाई यी-चुन ताइचुंग शहरात नोकरी करतात, शनिवार-रविवार येतात. त्यांनी बजावलं होतं, "आई, यू-शांग फोन लावल्याशिवाय घास गिळत नाही. असंच चाललं तर ऑगस्टपासून त्याला शहरात नेऊ, पाळणाघरात ठेवू."

मग मी काय लिहिणार? जेवताना कार्टून, वीस मिनिटं. दुसरा रकाना: आजी भरवत होती. कागद असा स्वच्छ, की फ्रेम करून लावावा.

त्याच दिवसांत आपल्या समुद्रदेवीची, माझू देवीची, पालखी निघाली. आपल्याला ठाऊकच आहे, ती पालखी कुठल्या गल्लीत वळेल हे पालखी उचलणाऱ्यांनाही माहीत नसतं. देवीच्या मनात येईल तशी वळते. माझे गुडघे चालू देत नाहीत, म्हणून मी फोनवर थेट दर्शन घेत होते, सकाळपासून, यू-शांगला मांडीवर घेऊन. फोन खाली ठेवायची सोय नाही, कारण नेमकी तेव्हाच वळली तर? आणि हे मी कागदावर लिहिलं नाही. दर्शनाला कुणी स्क्रीन म्हणतं का?

एक दिवस बाई घरी आल्या. यू-शांगला म्हणाल्या, "चल, मला तुझी खेळणी दाखव." त्याने रिकामा तळहात डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "थांब, देवी वळतेय."

"बरं, भूक लागली का?"

"थांब, देवी वळतेय."

आमचे हे आत बेसबॉलची मॅच बघत होते, तेही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "आमा, अक्षर फार सुंदर आहे तुमचं. एक माणूस लिहायचं राहिलंय."

खोटं कशाला बोलू, मला राग आला. देवीचं नाव कार्टूनच्या रांगेत लावायचं? तडक मंदिरात गेले, लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून कौल लावला. "आई, तुझं दर्शन यात धरायचं का?" दोन्ही चंद्रकोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे हो नाही, नाही नाही, देवी नुसती हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. शेजारी उदबत्ती लावणारी बाई म्हणाली, "काय गं, एवढं काय विनोदी विचारलंस?"

घरी येऊन मी खरं लिहिलं. देवीची पालखी, तीन तास चाळीस मिनिटं; दुसरा रकाना: आजी फोन बघत होती, नातू मांडीवर. आजोबांची मॅच, दीड तास. हे म्हणाले, "मला कशाला गोवतेस? मी काय बालवाडीत आहे?" आणि तोच कागद मी मुलाकडे पाठवला. हा कागद वाचून कुणी पोर माझ्याकडे ठेवलं असतं?

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. म्हणाली, "आई, शनिवार-रविवारचे रकाने कोरे का? आम्ही दोघं काय करतो ते लिहा ना."

तेव्हापासून जेवताना आमचे दोघांचे फोन, आणि शनिवार-रविवारी चारही, भाताच्या रिकाम्या डब्यात. तीन दिवस पोराने तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी आजोबांच्या ताटातलं मुळ्याचं ऑम्लेट उचललं आणि विचारलं, "आमा, मुळा जमिनीत रडतो का?" त्या दिवशी भात गार झाला, प्रश्न संपेनात.

आता तो स्वतःच्या हाताने जेवतो. आणि म्हणूनच येत्या शनिवारी तो ताइचुंगला चाललाय. सूनबाई म्हणाली, "पाळणाघरात नाही ठेवत, आई. मी कामाची वेळ कमी करून घेतली. तो बोलत जेवतो, ते मला रोज ऐकायचंय." त्याची बॅग मीच भरली.

बाई, आता रोज संध्याकाळी तो मला फोनवर दिसेल. ती मिनिटं मी लिहायची का? लिहिली, तर कुणाच्या नावापुढे? तुम्ही निवृत्त होताय, तरी एवढं सांगूनच जा.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाच्या घरचं बोलून गेले असेन, तर आजीचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि वेळ जास्त घेतला असेल, तर माफ करा. शनिवारनंतर माझ्याकडे तो भरपूरच असणार आहे.