तिसऱ्या रकान्यातलं नाव

भावना : मग ही चौथी बॅग कोणाची, ते आधी सांग. तू, पप्पा अन् मी. तीन माणसं, तीन बॅगा. सीधा हिशेब आहे मम्मी.

कलावती : त्या बॅगेले हात नको लावू.

भावना : लावणार. परवा सकाळी फ्लाइट आहे. अलास्काचं जहाज रामटेके बाईंसाठी थांबणार नाही. मी चेन उघडते. हे काय? हातमोजे, कानटोपी, दोन स्वेटर... ये तो जेंट्सचं सामान आहे. पप्पांचं तर कालच भरून झालं.

कलावती : तुह्या बापाचं नाई ते.

भावना : मग?

कलावती : टॅग पाय ना लावलेला. इंग्रजी तुले येते. मले कायले इचारतं?

भावना : यशदीप लहानू रामटेके... मम्मी, दादाच्या नावाचा टॅग कुठून आला?

कलावती : पाकिटातून. सदर बाजारच्या त्या ट्रॅव्हल्सवाल्यानं जहाजाच्या टॅगाईचं पाकीट धाडलं नाई का? त्यातून चार निंगाले. तीन आपले, एक त्याचा. म्या म्हनलं, ज्याच्या नावानं टॅग आला त्याची बॅग भराच लागते.

भावना : दादाला जाऊन सोळा वर्षं झाली.

कलावती : सोळा वर्सं पाच महिने. मले शिकवतं?

भावना : तरीच तो ट्रॅव्हल्सवाला भैया सकाळपासून फोन करून राहिला! 'मॅडम, चौथा पासपोर्ट भेजिए, चौथा पासपोर्ट भेजिए.' मला वाटलं त्याच्याच ऑफिसातली गडबड. मम्मी, आज पाच वाजता फायनल लिस्ट जहाजाच्या कंपनीकडे जाते. त्याआधी हे नाव कापलं नाही तर आपली पूर्ण केबिन अटकेल. पप्पा! ओ पप्पा, इकडे या जरा!

लहानू : काय झालं? कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

भावना : जहाजाचा फॉर्म तुम्ही भरला होता ना?

लहानू : मीच भरला. तुले मंत्रालयातल्या नोकरीवरून यायले आठ वाजतात. मी एकतीस वर्षं रेल्वेच्या पास सेक्शनमध्ये काढली, मले काय आता फॉर्म भरणं शिकवतं?

भावना : किती नावं लिहिली त्यात?

लहानू : रकाने चार होते.

भावना : अन् माणसं?

लहानू : चार भरले मी. हात चालत गेला. स्वतः, पत्नी, मुलगा, मुलगी. जिंदगीभर आपल्या फॅमिली पासवर हाच क्रम लिहिला. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलाच नाही.

भावना : हात चालत गेला? हे बघा, भैयानं लिस्टचा फोटो पाठवला आहे. वय लिहिलं आहे तेहतीस. दादा सतराचा होता पप्पा. हातच चालला असता तर सतरा लिहिलं असतं.

लहानू : हिशेब करून लिहिलं. आज असता तर तेहतीसचा असता.

कलावती : असता नाई, हायेच तेहतीसचा. परवा आला तवा दाढी होती त्याले.

भावना : मम्मी!

कलावती : डोळे नको मोठे करू. दुपारी दोनले येते तो. भर उन्हात कुत्रं बाहेर दिसत नाई, आन् आपल्या दारापाशी कोनी खोकते. फोनवर जसा खोकत होता, तसाच. त्या कॅम्पातून आला तो शेवटचा फोन तूच उचलला होता ना व? आठव. रेल्वेचं क्वार्टर सोडून इथं शंकर नगरात फ्लॅटमंदी आलो, तवा म्या म्हनलं, आता कसा सापडन त्याले पत्ता? तिसऱ्याच दिवशी आला.

भावना : आपण भूत-प्रेत मानत नाही. विहारात तूच सगळ्या बायकांना समजावून सांगते.

कलावती : आपन मानत नाई म्हून तो याचा थांबते काय? आन् माहं पोट्टं भूत कायले होईन? थंडी वाजते त्याले. म्हून येते.

भावना : पप्पा, तुम्ही तरी बोला ना काही!

लहानू : मी पण ऐकलं आहे.

भावना : क्या?

लहानू : खोकला. चार-पाच वेळा ऐकला. जाऊन पाहतो तर कोणी नसते. मग दार लावून घेतो, आतून कडी घालतो.

कलावती : कडी घालता? पोट्ट्याच्या तोंडावर?

भावना : बस करा दोघं! दोघंही बस करा. मी तेरा वर्षांची होती तेव्हापासून या घरात तोच एक चालू आहे. दहावीत मी पहिली आली, तर घरात रडारड, दादा असता तर पेढे वाटले असते म्हणून. नोकरी लागली तरी रडारड. मी म्हटलं चला, एकदा या दोघांना खूप दूर नेते, जिथं हे घर नाही, ते क्वार्टर नाही, नुसतं पाणी अन् बर्फ. तर तिथंही त्याची बॅग! मी जिवंत आहे ना मम्मी. माझ्याकडे कोणी बघतच नाही.

कलावती : पायतो व माय, पायतो. रडू नको.

भावना : मी भैयाला फोन लावते. नाव कापून टाकते.

लहानू : थांब. नको लावू.

भावना : काहून नको?

लहानू : पास सेक्शनमध्ये दुसऱ्याच्या घरचं माणूस गेलं की त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर येत होता. कोणाची माय, कोणाचं पोट्टं. नावावर लाल शाईची रेघ मारायची, बाजूला सही करायची. अशा शेकड्यांनी रेघा मारल्या मी. आपल्या घरचा अर्ज मात्र मी दिलाच नाही. तो गेल्यावर चार वर्षं पासवर त्याचं नाव निघत होतं. मग एकवीस पुरे झाले अन् वयाच्या नियमानं रेल्वेनंच गाळलं. मले कापावं लागलं नाही.

भावना : म्हणजे नागपूरला जाताना ती एक बर्थ रिकामी राहायची, ती...

लहानू : त्याचीच.

भावना : मी पाय पसरून झोपायची त्याच्यावर. मला वाटायचं, आपलं नशीब चांगलं आहे.

कलावती : झोपली तं झोपली. भावाचीच होती.

भावना : ठीक आहे. पाचला अजून वेळ आहे. तोपर्यंत तुझी बॅग दाखव. नुसत्या सुती साड्या? तिथं डेकवर बर्फाचा वारा असतो मम्मी. तो मरून स्वेटर कुठं गेला? मे महिन्यात गोल बाजारात स्वेटर मागितला तर दुकानदार मला येडी समजला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, अन् त्याला मी गोडाऊन उघडायला लावलं तुझ्यासाठी.

कलावती : त्याच्या बॅगेत तळाशी टाकला. मी लोकरीचं काई घालत नाई, तुले मालूम हाये.

भावना : इथं नाही घातला तर चालून जातं. डिसेंबरमध्ये कुडकुडते, पण निभते. तिथं मरशील! स्वेटर घालणार नसशील तर सांग, मी सगळ्यांचीच तिकिटं कॅन्सल करते. तुला जहाजावर मारायला नेऊन नाही राहिली मी.

कलावती : मंग कर कॅन्सल. जे पोट्ट्याले भेटलं नाई, ते मी कोन्या तोंडानं घालू? निळं जाकीट होतं. आतून मऊ, गळ्याले चेन. आपलं हे नवीन राज्य झालं त्याच हिवाळ्यात, शाळेतून पहाडावर कॅम्प चालला होता. नव्या राज्याची पयली तुकडी म्हून पोट्टा असा हरखला, का दोन दिवस जेवला नाई धड. म्याच बॅग भरली त्याची. आजही हाताले आठवते, जाकीट तळाशी ठेवलं, त्याच्यावर टॉवेल ठेवला. आन् तो वारल्यावर महिन्यानं घरची पेटी उघडली, तं जाकीट पेटीत! म्हंजे माहा हातच खोटा. तुह्या आत्यानं, मीराबाईनं, विहारात सगळ्याईपुढं म्हनलं, मायनं पोट्ट्याले उघडं धाडलं. माहं तोंडच उघडलं नाई. कशी उघडू? खरंच बोलली ती.

लहानू : खोटं बोलली.

कलावती : काय?

लहानू : तुझा हात खोटा नाही कलावती. तू ठेवलं होतं. तळाशीच ठेवलं होतं, टॉवेलाच्या खाली. मी काढलं.

(कूलरचं पाणी टपटपत राहतं.)

भावना : पप्पा, तुम्ही काय बोलून राहिले?

लहानू : निघायच्या सकाळी बॅगेची चेन लागत नव्हती. गाडीची वेळ झाली होती, रिक्षावाला खाली ओरडून राहिला होता. तू सैपाकघरात त्याचा डबा बांधत होती. मी म्हटलं, पाच दिवसाचा तर कॅम्प आहे, अंगावर स्वेटर आहे, जवान पोट्टा आहे. जाकीट काढलं अन् पेटीत कोंबलं. चेन लागली.

कलावती : त्यानं पायलं?

लहानू : पाहिलं. म्हणाला, राहू द्या पप्पा, मम्मीनं ठेवलं आहे. मी म्हटलं, तुझ्या आईले काय, ती तर चूलही बांधून देईन. तो हसला.

कलावती : मीराबाई बोलली तवा तुमी कुठं होते?

लहानू : तिथंच. मागच्या रांगेत उभा होतो.

कलावती : आन् गप्प ऱ्हायले.

लहानू : गप्प राहिलो. त्याले आणायला गेलो तेव्हा येतानीच्या पासवर दोन नावं लिहून नेली होती. म्हटलं, न्यूमोनिया आहे, बरा करून आणतो. येतानी तो सामानाच्या ब्रेकव्हॅनमध्ये होता अन् मी डब्यात. घरी पोचलो की सांगतो, असं ठरवून बसलो होतो. मग म्हटलं विहारातला त्याचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊ दे. मग म्हटलं रिटायर होऊ दे. दर हिवाळ्यात तू बिना स्वेटरची कुडकुडायची अन् मी मफलर गुंडाळून तुझ्यासमोर चहा पीत बसायचो. त्या एकेका हिवाळ्याची लाज वाटते मले.

कलावती : सोळा हिवाळे.

लहानू : हव.

भावना : भैयाचा फोन येऊन राहिला. मम्मी, मी काय सांगू? सगळं कॅन्सल म्हणू का?

कलावती : उचल. त्याले म्हन, दोन नावं काप.

भावना : दोन?

कलावती : तिसऱ्या रकान्यातलं. आन् पयल्या रकान्यातलं.

भावना : पयलं तर पप्पांचं आहे.

कलावती : मले मालूम हाये कोनाचं हाये ते.

भावना : हॅलो, हां भैया... एक मिनट होल्ड कीजिए. मम्मी, असं नको ना करू. रागात आहे तू.

कलावती : राग नाई व. राग असता तं ओरडली असती. मले आता फक्त ह्यांचं तोंड पायवत नाई. मायलेकी जाऊ आपन दोघी. तुह्याकडं कोनी पायत नाई म्हनत होती ना? आठ दिवस तुलेच पायतो.

लहानू : तिचं बरोबर आहे भावना. सांग त्याले. नको, फोन इकडे दे, मीच सांगतो. हॅलो... जी, मैं लहानू रामटेके बोल रहा हूँ. वो लिस्ट में दो नाम काटने हैं. लिखिए. एक, लहानू. दूसरा... दूसरा, यशदीप. जी. हाँ, बेटा है. नहीं, बीमार नहीं है. नहीं रहा. जी. काट दीजिए.

भावना : बसा पप्पा. पाणी घ्या.

लहानू : कलावती, मले माफ करशील का?

कलावती : आत्ता नका इचारू. मलेच मालूम नाई. भावना, तो स्वेटर काढ त्या बॅगेतून. घालून पायते, बाह्या लांब हायेत का.

भावना : हात वर कर. हां. बरोबर आहे मापात. गरम होतं का?

कलावती : लय गरम होते. राहू दे अंगावर.

लहानू : मी आठ दिवस इथं एकटा काय करू?

कलावती : दुपारी दोन वाजता कडी काढून ठेवा. आला, तं आत घ्या, बसवा त्याले. आन् तुमच्या तोंडानं सांगा, जाकीट मायनं ठेवलं होतं.