वरच्या मजल्याचं पाणी

माझं माहेर कळवणच्या अलीकडचं एक गाव. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारी मी पहिली, आणि कॉलेज करून बी.कॉम. झालेली तर सगळ्या भावकीत पहिली. एसटीच्या पासवर तीन वर्षं काढली, दोन ड्रेसवर काढली, हे मी कुठंही सांगते, मला त्याची लाज नाही, उलट सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून तर लग्न होऊन मखमलाबादला आले तेव्हा सासऱ्यांनी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, घराचा सगळा व्यवहार माझ्या हाती दिला. नाना मेथी-कोथिंबीर पिकवून मार्केटला नेणारे, त्यांचा हिशोब तोंडी. म्हणाले, शिकलेली सून हाय, तिलाच बघू द्या.

पुढं मळ्याचे प्लॉट पडले, त्या पैशातून हे दोन मजल्यांचं घर झालं. खाली आम्ही, वरचा मजला भाड्यानं. शेजारचा प्लॉट विकला गेलाय पण अजून मोकळाच आहे, तिथं नाना मेथी, वांगी, झेंडू लावतात. विकलेल्या जमिनीतसुद्धा हात घातल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. बाजाराची भाजी मला जवळजवळ घ्यावी लागत नव्हती, आणि ती बचत मी माझ्याच हुशारीत धरत होते, काय सांगू तुम्हाला.

माझा स्वभावच तपासायचा. किराण्याच्या बिलाची बेरीज मी दुकानातच परत करते, सिलेंडर वजन करून घेते. आमचे हे सातपूरला कंपनीत आहेत, ते म्हणतात, तू प्रसादाचीसुद्धा पावती मागशील. म्हटलं मागीन, द्यायला काय जातंय.

तर एकदा पाणीपट्टीचं बिल आलं ते आधीच्या दुपटीहून जास्त. मला वाटलं, मीटर वाचणाऱ्यानं घरी बसून आकडे टाकले. गेले ऑफिसात, तिथला माणूस म्हणाला, बाई, अर्ज करा. मी अर्ज असा लिहिला की त्यानं दोनदा वाचला. ते येऊन मीटर तपासून गेले, मीटर बरोबर निघालं. म्हटलं हेही त्यांचेच लोक, ते काय चूक म्हणणार आहेत. मग रोज संध्याकाळी मोबाईलवर मीटरचा फोटो काढायला लागले. आकडा पळतच होता.

मीटर चोख म्हणजे पाणी घरातच मुरतंय. खाली आम्ही तिघं, वर रेखा, तिचा नवरा आणि सहा महिन्यांचं बाळ. नवरा ट्रकवर, लासलगावचा कांदा भरून लांब जायचा, महिन्यातून चार दिवस घरी. मी तिच्या दोरीवरची दुपटी मोजायला लागले. एक दिवस अकरा निघाली. जिन्यात उभी राहून विचारलं, रेखा, दिवसातून किती वेळा धुतेस गं. ती म्हणाली, ताई, बाळ विचारून थोडंच घाण करतं. मला ते उलट उत्तर वाटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या टाकीचा व्हॉल्व्ह मी सकाळी आठ वाजताच बंद केला. ती खाली आली, रडली नाही, एवढंच म्हणाली, मी दुपटी धुते ताई, चोरी करत नाही. महिनाअखेरीला खोली सोडली. डिपॉझिटातून मी पाण्याचे दोन हजार कापले, कापले ते कापले, वर त्याचा हिशोब सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

वरचा मजला रिकामा झाला, आणि आकडा तसाच पळत राहिला.

आता मला शेजाऱ्यांचा संशय आला, आमच्या पाइपाला कोणी चोरून जोड दिला असणार. पाणी पहाटे पाचला येतं, मी उठते सहाला. एक दिवस पावणेपाचलाच उठून ओट्यावर बसले. नाना आले, पाइप काढला, नळाला लावला, कंपाउंडच्या भोकातून पलीकडं सोडला, आणि फावडं घेऊन सऱ्यांना पाणी देत बसले. मला वाटायचं ते प्लॉटातल्या जुन्या विहिरीचं पाणी घेतात. म्हटलं नाना, हे काय. ते म्हणाले, विहीर आटून वरीस झालं, आन् पाण्याची पाळी आल्याली सोडायची का काय, सोडली तर खालचे नेत्यात. म्हटलं नाना, पैसे पडतात. म्हणाले, पैसे तर ठरल्यालेच असत्यात, कालव्याला एकरावर घ्यायचे, घ्या नायतर नका घेऊ. कधी पाटकऱ्यानं पाणी मापून दिलंय व्हय.

लपवून काही नव्हतंच. पाइप गुंडाळून ठेवायचे ते चोरीला जाऊ नये म्हणून. आयुष्यभर कालव्याचं पाणी पाळीनं घेतलेला माणूस, त्याला मीटर म्हणजे काय हे घरात मी एकटी सांगू शकत होते, आणि मी दुपटी मोजत बसले.

दोन हजार घेऊन रेखाकडं गेले, ती देवळाली कॅम्पकडं राहायला गेली होती. तिनं दारातच पैसे घेतले, बस म्हणाली नाही. म्हणाली, ताई, पैशाचं राहू द्या, तुम्ही इथल्या मालकीणबाईंना फोनवर काय सांगितलं. मला आठवलं. त्या बाईंनी चौकशीला फोन केला होता, भाडेकरू कशी आहे, आणि मी म्हटलं होतं, बाकी चांगली आहे, पाण्यावर मात्र लक्ष ठेवा. आता त्यांनी हिच्या नळाला कुलूप घातलं होतं, सकाळी एक तास उघडायचा. आतमध्ये बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवलेला. रेखा म्हणाली, ते तेवढं मोकळं करून द्या.

मी तिथंच कागद मागितला आणि लिहून दिलं, पाणी हिनं घेतलं नव्हतं, चूक माझी होती, खाली पूर्ण सही. मालकीणबाईंनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, तुमच्यात नातं आहे का काही? मी नाही म्हटलं. म्हणाल्या, मग एवढ्या लांब येऊन कशाला लिहून देताय, हिनं काय दिलंय तुम्हाला?

मला राग यायला हवा होता. पण मी तरी काय वेगळं विचारलं असतं.

नानांना आता मीटर कळतं, बादलीनं घालतात, मेथी निम्मी राहिलीय. वरचा मजला अजून रिकामा आहे. दर पंधरा दिवसांनी मी रेखाला फोन करते, कुलूप निघालं का विचारते. ती म्हणते, नाही ताई, आणि ठेवते. देव तिच्या लेकराला औक्ष देवो. मी परत एकदा जाणार आहे, या वेळी मीटरचे सगळे फोटो घेऊन, बाई मानोत न मानोत.