टाकीतलं रक्त उतरत होतं तेव्हा

— नाही नाही, माकचिक, अहो मावशी, ती पपनसं आधी खाली ठेवा, छातीचं हाड अजून कच्चं आहे तुमचं. तांबुनहून बसनं आणलीत? नुराझलिनसाठी? बरं. वरच्या मजल्यावर आहे ती, उद्याच्या ऑपरेशनचं मशीन लावतेय. बसा घटकाभर. मी शमसुल. मला कुठून ओळखणार, झोपेत होतात ना — पण तुमचं हृदय थांबवलं होतं तेव्हा मीही तिथंच होतो. हार्ट-लंग मशीन मी एकोणीस वर्षं चालवतोय. तिला शिकवलं कुणी? मीच. नळ्यांमध्ये पाणी भरायचं, मग बोटांनी टकटक करत एकेक बुडबुडा वर काढायचा — मोहरीएवढा जरी मेंदूत गेला तरी माणूस लुळा पडतो, माकचिक. मी टकटक करायचो तेव्हा डॉक्टर कनगरत्नम मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. आणि आता? ‘आज मशीनवर कोण? नुराझलिन? मग काळजी नाही!’ असं सगळ्यांसमोर म्हणतात. मला एकदा तरी म्हणावं की नाही? कधीच म्हणाले नाहीत.

तुमच्या वेळी काय झालं, सांगितलं का तिनं? नसेलच. डॉक्टरांनी हृदय उचललं आणि तुमचं रक्त बाहेर आणणारी नळी दबली. रक्त आधी टाकीत येतं, तिथून पंप ते परत अंगात ढकलतो. टाकी रिकामी झाली की पंप हवा ढकलणार — साधी गोष्ट. मशीनवर ती, मी फाइल घेऊन मागं उभा. चार बोटं रक्त होतं, तीन झालं, दोन — ती दुसरीकडं आकडे बघत होती. म्हटलं वाजू दे अलार्म, डॉक्टरांनाही कळू दे एकदा. पण बाईनं अलार्मच्या आधीच पंप थांबवला, नळीला चिमटा लावला — ‘डॉक्टर, रक्त येत नाहीये!’ त्यांनी नळी सरळ केली, टाकी भरली, झालं. एक बुडबुडा गेला नाही. ‘शाबास,’ म्हणाले. तिला.

काय? मला कधी दिसलं? असेल... तिच्या पाच-सहा सेकंद आधी. नाही, म्हणजे तसं नाही — बोलणारच होतो मी, तोंड उघडलंच होतं — अलार्म असतोच ना, तो वाजलाच असता — असं काय बघताय? जिवंत आहात ना तुम्ही?

तिला सांगणार? सांगा. माहीत आहे तिला. चिमटा लावताना वळून माझ्याकडं बघितलं होतं तिनं. महिना झाला, कुणाला अवाक्षर नाही. रोज सकाळी विचारते, ‘शमसुलभाई, चहा घेतलात?’ — चांगुलपणासुद्धा तिच्याच वाट्याला यावा, माकचिक!

जा. तिसरा मजला, उजवीकडं. जिना नको, लिफ्टनं जा.